दातांना डाग देणारी बाई

लोक दातांचे डाग काढायला दवाखान्यात जातात. डागताई मात्र रोज सकाळी नऊ वाजता खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, चष्मा नाकावर सरकवतात आणि कोऱ्या करकरीत दातांना डाग देतात. एकतीस वर्षं त्यांचं हेच काम. दातांच्या कॅपा बनवणाऱ्या लॅबमध्ये त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलंय. डॉक्टरांचे फोन येतात तेही "डागताई आहेत का?" असेच. त्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट कुणी नावाने हाक मारली तर आपलं काही चुकलं की काय, असं त्यांना वाटतं.

लॅब म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या. पहिलीत प्लॅस्टरचे साचे ओततात, तिथे सगळ्यांच्या भुवया कायम पांढऱ्या. दुसरीत भट्टी. तिसरी खोली ताईंची, उत्तरेच्या खिडकीची. तिथे ऊन कधीच आत येत नाही, नुसता शांत उजेड येतो, आणि रंग ओळखायला तोच लागतो. या खोलीच्या भिंती राखाडी आहेत, कारण सतरा वर्षांपूर्वी मालकांनी हौसेने पोपटी रंग लावला होता आणि ताईंनी ब्रश खाली ठेवून सांगितलं होतं, "या भिंतीसमोर मी दात केला तर माणूस पालक खाऊन आल्यासारखा दिसेल." दोन दिवस त्यांनी ब्रशला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी रंगारी आला. तेव्हापासून दारामागे एक राखाडी एप्रन टांगलेला असतो. भडक कपडे घालून कुणीही आलं तरी तो घातल्याशिवाय टेबलाजवळ उभं राहायचं नाही. मालकांना लाल शर्टांचा भारी शौक, त्यामुळे तो एप्रन सगळ्यात जास्त त्यांच्याच अंगावर चढतो.

दाताला डाग कशाला द्यायचे, असं नवखा माणूस हमखास विचारतो. ताईंना हा प्रश्न फार आवडतो. "तुमचा दात पांढरा आहे असं वाटतं तुम्हाला? या इकडे खिडकीत." मग त्या त्याचं तोंड उघडायला लावतात. दाताचं वरचं कवच जवळजवळ पारदर्शक असतं, आतला थर पिवळसर. वय वाढलं की कवच झिजतं आणि आतलं पिवळं वर डोकावतं. चहा, कॉफी, तंबाखू वरून रंग चढवतात, तो डॉक्टरच्या एका सफाईत निघतो. पण काहींचे डाग आतून आलेले असतात. लहानपणी प्यायलेल्या विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, तर दातांवर पांढरे-तपकिरी ढग येतात. दात तयार होत असताना पोटात गेलेल्या काही औषधांनी आडवे करडे पट्टे उठतात. असल्या सगळ्या तोंडांमध्ये पांढराशुभ्र नवा दात बसवला, तर तो लांबून ओरडून सांगतो की मी उपरा आहे. म्हणून चिनीमातीची कॅप भाजायची, मग बारीक ब्रशने मुळाशी थोडा मधाचा रंग, टोकाला थोडा निळा, मध्ये एखादी केसाएवढी भेग, आणि पुन्हा भट्टीत. दात शेजाऱ्यांत मिसळून गेला, की ताई खूश.

त्यांचे स्वतःचे दात चांगलेच पिवळे आहेत. कुणी विचारलं तर म्हणतात, "माझ्या वयाला शोभतात. स्वच्छ आहेत, मजबूत आहेत, आणखी काय पाहिजे?"

तर अशा या बाईंच्या तीन कॅपा एका महिन्यात परत आल्या. तिन्ही एकाच दवाखान्यातून. तिन्हींवर एकच शेरा: फार पांढरी.

मालक राखाडी एप्रन न घालताच खोलीत आले, तेव्हाच ताईंनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"ताई, राग मानू नका," मालक म्हणाले. "अठ्ठावन्न वर्षं झाली तुम्हाला. माझ्या आईलाही या वयात पिवळं दिसेनासं झालं होतं."

"चिठ्ठीवर डॉक्टरांनी जी छटा लिहिली तीच मी केली. छटांच्या पट्टीशी ताडून बघा."

"चिठ्ठी बरोबर, तुम्हीही बरोबर, मग दात कसा चुकला?"

ताईंनी परत आलेली एक कॅप पुन्हा पट्टीला लावून बघितली, आणि ती तंतोतंत जुळली. मालकांनी घसा साफ केला. दाताचा फोटो काढून रंग मोजणारं यंत्र बाजारात आलंय, ते बघायला आपण दोन आठवडे बाहेर जाणार आहोत, म्हणाले. यंत्र आलं की ते या खिडकीत बसेल. ताईंनी प्लॅस्टरच्या खोलीत साचे तपासावेत, काम हलकं आहे.

"मला न विचारता?" ताई म्हणाल्या.

मालक माणूस वाईट नव्हता. ते अडखळले. "बरं, एक करू. त्याच डॉक्टरांकडे आता समोरच्या एकट्या दाताची केस आहे. सगळ्यात अवघड. तुम्ही करा. मी परत आलो की स्वतः त्या पेशंटच्या तोंडात बघेन. तुमचा दात कोणता ते मला ओळखता आलं तर यंत्र. नाही ओळखता आलं, तर ही खुर्ची तुमची, यंत्र भिंतीकडे."

"शब्द?"

"शब्द."

घरी त्यांनी हे सगळं अहोंना सांगितलं. अहो म्हणजे छापखान्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर शाईच्या रंगांशी झगडलेले, त्यामुळे त्यांनी उगाच धीर देण्याचा प्रकार केला नाही. म्हणाले, "बघूया की मग." छटांच्या पट्टीतले सोळा नमुना-दात त्यांनी सुटे केले, आकड्यांवर चिकटपट्टी लावली, ताटात घालून खळाखळा हलवले आणि खिडकीपाशी ठेवले. ताईंनी ते ओळीने लावले. चौदा बरोबर. दोन शेजारशेजारचे उलटे.

"चौदा म्हणजे उत्तम," अहो म्हणाले.

"एके काळी सोळा यायचे," ताई म्हणाल्या. त्या रात्री त्यांना पहिल्यांदा वाटलं, की मालक म्हणतात ते खरंच असलं तर? हा विचार त्यांना मुळीच आवडला नाही. सकाळी दात घासताना त्यांनी तो चुळीबरोबर थुंकून टाकला आणि थेट दवाखान्यात फोन लावला. "डॉक्टर, या वेळी मला चिठ्ठी नको. मी येते. पेशंटला म्हणावं, लिपस्टिक लावून येऊ नकोस."

दवाखाना लहान, पण लख्ख. डॉक्टर तरुण, हात हलका, स्वभाव गरीब. खुर्चीत होती एक तिशीची बाई, मोटार ड्रायव्हिंग शिकवणारी. वरचा पुढचा एक दात पाटीसारखा करडा, बाकीचे सगळे छान हस्तिदंती. चौदाव्या वर्षी सायकलवरून पडली होती. दात तुटला नाही, पण आतली नस हळूहळू मेली आणि दात काळवंडत गेला.

"गाडीत शिकाऊ माणसाकडे तोंड वळवून बोलतच नाही मी," ती ताईंना म्हणाली. "सरळ काचेतून बघत ओरडते. लोकांना वाटतं मी खडूस आहे."

"आणि नाहीयेस?"

"थोडी आहे," ती म्हणाली आणि ओठ मिटूनच हसली.

तिने काय काय करून पाहिलं होतं, ते ऐकून ताईंनी कपाळावर हात मारला. कोळशाची पूड, लिंबू आणि मीठ, खाण्याचा सोडा, जाहिरातीतली दात पांढरे करणारी पेस्ट. दोन वर्षं घासघास घासलं. करडा दात करडाच राहिला, कारण रंग आतून आला होता, पण बाकीच्या दातांचं कवच हिरड्यांपाशी झिजून गेलं आणि आता थंड पाणी प्यायलं की कळ थेट मेंदूत जाते. "अगं, भांडं आहे का ते?" ताई म्हणाल्या. त्यांचे अहोसुद्धा एकदा कोळशाच्या पुडीने दात घासत होते, निवृत्तीच्या फोटोसाठी. ताईंनी ती डबी कुंडीत रिकामी केली होती.

डॉक्टर कामाला लागले. ओठ बाजूला धरणारी चिमटी लावली, कापूस ठेवला, हवेचा फवारा मारून दात सुकवले, तपासले, फोटो काढले, साफसफाई केली. ताई कोपऱ्यातल्या स्टुलावर हाताची घडी घालून बघत होत्या. वीस-बावीस मिनिटं गेली. मग डॉक्टरांनी छटांची पट्टी काढली, शेजारच्या चांगल्या दाताला लावली आणि म्हणाले, "ए-एक. लिहून घ्या ताई."

ताई उठल्या. दाताकडे बघितलं. पट्टीकडे बघितलं. खरंच ए-एक होता. पण ही बाई खुर्चीत बसली तेव्हा तोच दात ए-एक नव्हता, हे त्या शपथेवर सांगू शकल्या असत्या.

"डॉक्टर, ती चिमटी काढा. हिला तोंड मिटू द्या. पाणी द्या प्यायला."

"का?"

"काढा तर खरं."

अर्धा तास तसाच गेला. ड्रायव्हिंगवाली कोमट पाणी पीत होती आणि डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. ताईंनी बाहेर जाऊन चहा घेतला आणि परत आल्या. मग तिला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं आणि पट्टी डॉक्टरांच्याच हातात दिली. डॉक्टरांनी ए-एक लावला. बसेना. ए-दोन, म्हणजे एक पायरी पिवळा, लावला. तंतोतंत बसला.

डॉक्टरांचा चेहरा पडला. हे त्यांना शिकवलेलं होतं, तेही पहिल्याच वर्षी. दात ओला असतो तेव्हा त्याचा खरा रंग दिसतो. तोंड बराच वेळ उघडं राहिलं, वर हवा मारली, की दात सुकतो आणि खडूसारखा पांढरा होतो. म्हणून रंग आधी बघायचा, काम नंतर. पण महिन्यापूर्वी कामाचा क्रम बदलला होता आणि पट्टी आपोआप शेवटी गेली होती. त्यांनी तीन वेळा सुकलेला रंग लिहिला, ताईंनी तीन वेळा तोच सुकलेला रंग इमानेइतबारे करून दिला, आणि दुसऱ्या दिवशी पेशंटचे बाकीचे दात ओले होऊन परत पिवळसर झाले.

"म्हणजे तिन्ही वेळा चूक माझी," डॉक्टर म्हणाले.

"हो," ताई म्हणाल्या. त्यांना इतकं बरं वाटलं की डॉक्टरांना रागवायचंही राहून गेलं. त्यांचा डोळा शाबूत होता.

"मी मालकांना आत्ताच फोन करतो."

"राहू द्या. ते आल्यावर सांगा. आधी हा दात बघू." असं म्हणून ताईंनी त्या करड्या दाताकडे पहिल्यांदा नीट बघितलं. साच्यात नाही, चिठ्ठीवर नाही, प्रत्यक्ष तोंडात. एक ओरखडा नव्हता त्याला. कड शाबूत, आकार देखणा, नुसता रंग गेलेला.

ड्रायव्हिंगवाली पुन्हा खुर्चीत आडवी झाली होती आणि डॉक्टर दात घासायच्या मशीनला टोक लावत होते. कॅप बसवायची तर दात चारी बाजूंनी घासून खुंटाएवढा करावा लागतो. एकदा घासला की घासला, परत येत नाही.

"याची नस साफ केलीत ना?" ताईंनी विचारलं.

"गेल्या महिन्यातच. मूळ भरून झालंय."

"मग घासताय कशाला? आतून औषध ठेवून उजळवता येईल की."

डॉक्टर थांबले. "येईल. मी त्यांना तो पर्याय सांगितला होता. पण तीन-चार खेपा लागतात, आणि त्यांना लवकर हवं होतं. शिवाय..." ते जरा चाचरले. "तुमच्या मालकांनी मला सगळं सांगितलंय. दोन आठवड्यांत तुमचा दात या तोंडात नसेल, तर ते काय बघणार?"

 हे ताईंच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. रंग आता त्यांना पक्का कळला होता. असा दात त्यांनी केला असता, की मालक भिंग घेऊन बसले असते तरी ओळखला नसता. एकतीस वर्षांची खुर्ची एका कॅपेत वाचत होती. आणि समोर एक बाई तोंड उघडं टाकून पडली होती. काय चाललंय ते तिला धड कळत नव्हतं, आणि तिचा धडधाकट दात आता घासला जाणार होता.

"तुला घाई कसली आहे गं?" ताईंनी तिला विचारलं.

"घाई नाही. कंटाळा आहे. सोळा वर्षं झाली."

"मग आणखी दोन आठवडे कंटाळ. दात तुझा आहे, तुझाच राहू दे. कॅप काय, तू ऐंशीची झालीस तरी करून मिळेल."

ती डॉक्टरांकडे बघायला लागली. डॉक्टर ताईंकडे बघायला लागले. "ताई, नक्की? मग तुमच्या खुर्चीचं काय?"

"माझं मी बघेन," ताई म्हणाल्या. आवाज ठणठणीत होता. आतून भीती वाटत होती, ती त्यांनी घरी जाऊन अहोंना सांगितली. अहो म्हणाले, "बरोबर केलंस," आणि थोड्या वेळाने, "प्लॅस्टरची खोली तशी वाईट नाही ना?" त्यावर ताईंनी त्यांच्याशी तासभर अबोला धरला.

डॉक्टरांनी दाताच्या मागच्या बाजूने बारीक वाट केली, मुळाचं तोंड नीट बंद केलं, आत उजळवणारं औषध ठेवून वरून बुजवलं. चार दिवसांनी ते बदललं. दर खेपेला ताई हजर. आधी ओठ मिटून बसायचं, मग खिडकीत तोंड उघडायचं, आणि काम सगळ्यात शेवटी. पहिल्या खेपेनंतर पाटीचा रंग जाऊन राखेचा आला. दुसऱ्या खेपेनंतर मेणासारखा. ड्रायव्हिंगवालीच्या पर्समध्ये आरसा आला आणि दर सिग्नलला तो बाहेर निघायला लागला.

तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "आणखी एकदा ठेवा ना औषध. अजून पांढरा होईल."

डॉक्टरांनाही मोह झाला. ताईंनी पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली. "आता थांबा. आत्ता तो शेजाऱ्यापेक्षा केसभर उजळ आहे. पुढे थोडा उतरेल आणि बरोबर जागेवर येईल. आणखी ठेवलंत तर उद्या हा दात पांढरा म्हणून टोचेल, आणि मग ही बाकीचे सगळे उजळवायला बसेल." डॉक्टरांनी ऐकलं आणि मागची वाट कायमची बुजवून टाकली. चार दिवसांनी दात जागेवर आला.

मालक परत आले ते यंत्राची माहितीपत्रकं घेऊन, आणि स्टेशनवरून सरळ दवाखान्यात. अंगात लाल शर्ट. ताईंनी पिशवीतून राखाडी एप्रन काढला आणि न बोलता पुढे केला. मालकांनी तो निमूटपणे घातला, तिला खिडकीत उभं केलं आणि वाकून बघायला लागले. डावीकडून बघितलं. उजवीकडून बघितलं. तिला हसायला सांगितलं, पण सांगायची गरजच नव्हती, ती केव्हाची हसत होती. वरचे सगळे दात, हिरड्यांसकट, दुनियेला दाखवत.

मालकांनी शेवटी एका दातावर बोट रोखलं. "हा."

तो भलताच होता.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या शेजारचा करडा होता."

मालक सरळ झाले. पुन्हा एकदा वाकून त्यांनी तो दात बघितला. मग एकदम मनापासून म्हणाले, "ताई, मी मूर्ख. असा दात मी उभ्या जन्मात बघितला नाही. खुर्ची तुमची."

डॉक्टरांनी ताईंकडे बघितलं. ड्रायव्हिंगवालीने ओठ मिटून घेतले. कुणीच काही बोललं नसतं तर गोष्ट तिथेच मिटली असती, आणि ताईंना क्षणभर ती तशीच मिटवावीशी वाटलीही.

"मालक," त्या म्हणाल्या, "तो दात मी केलेला नाही. तिचाच आहे, जन्मापासूनचा. आतून औषध ठेवून उजळवलाय. या तोंडात माझं काहीच नाही."

"म्हणजे? कॅप केलीच नाहीत तुम्ही?"

"लागलीच नाही."

"अहो, खुर्चीसाठी दात करायचा होता तुम्हाला!"

"दात शाबूत होता. माझ्या खुर्चीसाठी तिचा दात घासायचा?"

मग डॉक्टर बोलले. सुकलेल्या दातांचं, तीन कॅपांचं, चूक कुणाची होती त्याचं, आणि शेवटच्या खेपेला आपला हात कुणी थांबवला त्याचं. सगळं एका दमात सांगून मोकळे झाले. मालकांनी ऐकून घेतलं. हातातली माहितीपत्रकं त्यांनी एकदा उलटली, एकदा सुलटी केली.

"या यंत्राने त्या सुकलेल्या दाताचा काय रंग सांगितला असता?" त्यांनी विचारलं.

"ए-एक," ताई म्हणाल्या. "अगदी बरोबर सांगितला असता."

मालकांनी एप्रन उतरवला, त्याची नीट घडी केली आणि ताईंच्या हातात दिली. "ओळखता आलं नाही तर खुर्ची तुमची, असं म्हणालो होतो. मला ओळखता आलं नाही. उद्या नऊला या."

"रोज नऊलाच येते मी," ताई म्हणाल्या, आणि आपले सगळे पिवळे दात दाखवत हसल्या.